गाऱ्हाण्यांचा ग्रंथ

माणूस फार खचला की आधी त्याची वाचा बसते. नामपूरच्या बाजारात कांद्याचा ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला विचारा. २०२३च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात भाव बघता बघता कोसळले. मोसम खोऱ्यात डाळिंबावर तेल्या रोग येतो, तेल्यातून वाचलेली बाग गारपिटीत जाते, आणि सोसायटीचं कर्ज मात्र जागच्या जागी असतं. अशा रात्री देवापुढे बसलं तरी काय बोलावं ते सुचत नाही. घरात लांबलेलं आजारपण, गेलेली नोकरी, पोराची काळजी, कारण कोणतंही असो, सगळं एकदम अंगावर आलं की शब्द आटतात.

ख्रिस्ती पवित्र शास्त्रात या मुक्या घटकेसाठी काय ठेवलंय ते वाचू लागलं की नवल वाटत राहतं. तिथं धीराची, समाधानाची वचनं असतील अशी आपली अपेक्षा असते. ती आहेतही, पण त्यांच्या आधी भेटतात ती गाऱ्हाणी.

बायबलच्या साधारण मध्यावर स्तोत्रसंहिता आहे. तिच्यात १५० स्तोत्रं आहेत आणि तीच यहुद्यांची आणि ख्रिस्ती लोकांची सर्वांत जुनी प्रार्थनापोथी. हेर्मान गुंकेल या जर्मन अभ्यासकानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या स्तोत्रांचे प्रकार पाडले, तेव्हा एक गोष्ट ठळक झाली. स्तुतिस्तोत्रं, उपकारस्तोत्रं, राजाची स्तोत्रं अशा सगळ्या प्रकारांत विलापाच्या स्तोत्रांची संख्या मोठी निघाली. ढोबळमानानं तिसरा हिस्सा. म्हणजे हजारो वर्षं देवळात आणि घरात म्हणायला दिलेल्या पोथीचा एवढा मोठा भाग रडणाऱ्या, भांडणाऱ्या, जाब विचारणाऱ्या माणसाचा आहे. तो भाग कुणी गाळला नाही, मऊही केला नाही.

तेरावं स्तोत्र बघा. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत एकच प्रश्न चारदा येतो: हे आणखी कुठवर चालायचं? देव मला विसरला काय, असं तोंडावर विचारलेलं आहे. नंतर मागणं येतं. शेवटी सूर बदलतो आणि माणूस गाऊ लागतो. मधे काय घडलं, संकट टळलं की नाही, याचा पत्ताच लागत नाही! बहुतेक विलापस्तोत्रांची चाल अशीच आहे. हाक, गाऱ्हाणं, मागणं, आणि मग कुठून तरी आलेला विश्वास. हे वळण कशामुळे येतं यावर अभ्यासकांनी पुष्कळ खल केला आहे. काहींच्या मते मधल्या जागी याजक अभयाचा शब्द उच्चारत असे. मला स्वतःला वाटतं, मनातलं सगळं बोलून झाल्यावर जी जागा मोकळी होते तिथेच ते वळण आहे.

पण नियम मोडणारंही एक स्तोत्र या पोथीत आहे, आणि मला सर्वांत मोठं आश्चर्य त्याचंच वाटतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं. वळण नाही, गाणं नाही, आभार नाहीत. ज्यांनी ही पोथी सिद्ध केली त्यांना शेवटी एखादं आशेचं वचन जोडणं काय अवघड होतं? त्यांनी जोडलं नाही. ज्याची रात्र अजून उजाडलेली नाही त्यालाही म्हणायला काहीतरी पाहिजे, हे त्यांना कळलेलं होतं.

एकोणसत्तराव्या स्तोत्रातला माणूस गळ्यापर्यंत पाण्यात आहे, पायाखाली चिखल आहे, उभं राहायला जागा नाही. स्तोत्रकर्त्यांचा देश कोरड्या नाल्यांचा. पाऊस पडला की तिथल्या नाल्यांना अचानक लोंढा येतो. कोरडी मोसम पाहिलेल्या आणि पावसाळ्यात तीच नदी पात्राबाहेर गेलेली पाहिलेल्या माणसाला ते स्तोत्र कुणी समजावून सांगायची गरज नाही. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यात्रेची मानली जातात. सणाला यरुशलेमेकडे चढत जाणारे लोक ती वाटेत म्हणत. त्यांतही एक खोल गर्तेतून मारलेली हाक आहे. वारीत चालताना अभंगांतून विठोबाशी भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे परकं वाटू नये. नामदेव, जनाबाई, तुकोबा, तिघांनीही देवाला धारेवर धरलं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही त्यांची गीतं गायली जातात, आणि त्यांच्या एका संग्रहाचं नावच ‘अभंगांजली’ आहे.

आता याहून विलक्षण गोष्ट. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना धरून नेलं. त्या आघातावरचं छोटं पुस्तक म्हणजे ‘विलापगीत’. त्याचे पाच अध्याय आहेत. हिब्रू वर्णमालेत अक्षरं बावीस. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात बावीस बावीस वचनं, आणि प्रत्येक वचन क्रमानं पुढच्या अक्षरापासून सुरू होतं. तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराला तीन तीन, म्हणजे सहासष्ट वचनं. शहर जळताना पाहिलेल्या माणसानं आपलं दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ओळीनं मांडलं. ज्याचं सगळं विस्कटलंय त्याला निदान अक्षरांचा क्रम तरी हाताशी धरता येतो. आणि पाचवा अध्याय? त्यातही वचनं बावीसच आहेत, पण अक्षरांचा क्रम तुटलेला आहे. तो मुद्दाम तोडला की हात थकला, कोण सांगणार? मला तो अध्याय वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

खुद्द येशूनंही वधस्तंभावर नवी प्रार्थना रचली नाही. मत्तय आणि मार्क सांगतात की त्यानं बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ उच्चारला. देवानं आपल्याला का टाकलं, असं विचारणारं ते स्तोत्र आहे. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत त्यानं तीनदा प्रार्थना केली, आणि तिसऱ्या वेळी पुन्हा तेच शब्द वापरले, असं मत्तयानं नोंदवलं आहे. त्या वेळी त्याचे सर्वांत जवळचे शिष्य झोपले होते. ज्याला देवाचा पुत्र मानलं जातं त्यालाही संकटात उसने शब्द चालले आणि तेच तेच शब्द पुरले. घाबरलेल्या माणसाला आणखी काय मुभा हवी?

आणि एलीया. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय प्रत्येक डॉक्टरनं आणि प्रत्येक पाळकानं वाचावा असा आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीची धमकी ऐकून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत येतो. तो उपदेश करत नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो आणि ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवायला उठवतो, पुढची वाट तुला झेपायची नाही म्हणतो. चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर वारा, भूकंप, अग्नी आणि मग अगदी मंद वाणी, हा प्रसिद्ध प्रसंग येतो. पण आधी झोप आणि भाकर आली, ते आपण विसरतो. डोंगरावरही एलीया आपलं गाऱ्हाणं दोनदा, शब्दही न बदलता, सांगतो, आणि देव ते दोन्ही वेळा ऐकून घेतो. शेवटी त्याला काम मिळतं, अलीशा नावाचा जोडीदार मिळतो, आणि तुझ्यासारखे आणखी सात हजार आहेत हेही कळतं.

या प्रार्थनांचा एक धागा नाशिकमधून आफ्रिकेपर्यंत गेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं नाशिकला शरणपूर वसवलं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं आणली जात, शिकवली जात, सुतारकी-लोहारकीही त्यांना येई. त्यांपैकी एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला गेलेल्या तुकडीत होता. १ मे १८७३ला आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंग्स्टन वारले. नोकरांना ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत सापडले. त्यांचं हृदय तिथंच एका झाडाखाली पुरताना दफनविधी वाचला तो वेनराइटनं, आणि झाडावर नाव कोरलं तेही त्यानंच. अँग्लिकन दफनविधीत एकोणचाळिसावं आणि नव्वदावं स्तोत्र दिलेलं आहे, माणसाच्या दिवसांच्या तोकडेपणाबद्दल देवाशी बोलणारी दोन स्तोत्रं. लहानपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडलेला, नाशिकला अक्षर शिकलेला मुलगा आफ्रिकेच्या ऐन मध्यात हा विधी वाचतो आहे! पुढे सोबत्यांनी लिव्हिंग्स्टनचा देह महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्याला आणला, आणि १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता.

मराठीत ही गाऱ्हाणी साध्या बायकांच्या तोंडी यावीत म्हणून जिनं हाडं झिजवली ती पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८०ला भाऊ, १८८२ला नवरा. १८९६-९७च्या दुष्काळात ती भुकेनं मरणाऱ्या मुलींना गोळा करत फिरली आणि केडगावचं मुक्तिसदन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून तिनं संपूर्ण बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायला घेतलं. एकट्या बाईनं हे केल्याची उदाहरणं जगात विरळा. जुळणी आणि छपाईचं काम मुक्तिसदनातल्या बायकाच करत. जुलै १९२१ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई स्वतः गेली, आणि १९२४ला ग्रंथ छापून बाहेर पडला. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचं भाषांतर करताना या बाईला शब्द शोधायला लांब जावं लागलं नसेल.

हे सगळं श्रद्धेच्या बाजूनं झालं. शरीराच्या बाजूनंही एक नवल आहे. २००१ साली इटलीतल्या पाव्हियाच्या लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तेवीस निरोगी माणसांनी लॅटिनमधून रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना म्हटली, तसाच ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्रही म्हटला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. एरवी मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस असतो. रक्तदाबात स्वतःहून एक चढउतार चालू असतो, साधारण दहा सेकंदांचा. प्रार्थनेची लय त्या लयीला जाऊन मिळाली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चपळ झाली. प्रयोग छोटा आहे, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण जपमाळ ओढणाऱ्या वसईच्या आजीला आणि हरिपाठ म्हणणाऱ्या नामपूरच्या आजीला आतून जे ठाऊक होतं, त्याची एक बाजू यंत्रावर उमटली. २००७ साली अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन यांनी दाखवलं की भेदरलेल्या किंवा संतापलेल्या चेहऱ्याचं चित्र पाहून त्या भावनेचं नाव घेतलं, तर मेंदूतल्या भय जागवणाऱ्या भागाची हालचाल मंदावते. स्तोत्रकर्ते हेच करत होते. भीतीला भीती म्हणत होते, एकटेपणाला एकटेपण.

म्हणून जे लोक खचलेल्याला ‘तुझी प्रार्थना कमी पडते’ असं सांगतात त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. ज्या ग्रंथाच्या नावानं ते बोलतात तो ग्रंथच त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. प्रेषित पौलानं फिलिप्पै इथल्या मंडळीला कशाचीही चिंता करू नका असं लिहिलं खरं, पण ते पत्र तो बंदिवासातून लिहीत होता. त्याच वाक्यात त्यानं उपायही सांगितला: आपली मागणी देवाला कळवा. चिंता गिळून टाका, असं तो म्हणत नाही.

कुठलाही धर्म मानत असा किंवा नसा, फार जड झालं तर तेरावं स्तोत्र काढा आणि मोठ्यानं वाचा, हळूहळू. वाचायला मिनिटभर लागतं. स्वतः वाचवत नसेल तर घरातल्या कुणाला वाचायला सांगा. जेवण आणि झोप टाळू नका. आणि एलीयासारखं मरण मागावंसं वाटू लागलं, तर एकटे बसू नका. जवळच्या माणसाला उठवा, नाहीतर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरावर फोन लावा. तो सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.