खेड्यांतील घरबांधणीचें भवितव्य

कापूस विकून हातांत पैसा आला कीं शेतकऱ्याचें लक्ष प्रथम घराच्या भिंतींकडे जातें. त्यामुळें खेड्यांतील बांधकाम सुगीमागोमाग चालतें, आणि पौषापासून वैशाखापर्यंत गवंड्यास फुरसत नसते. ही ओढ यापुढें वाढेल असें आम्हांस वाटतें. प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेखालीं आणखी २ कोटी घरें बांधण्यास केंद्र सरकारनें २०२४ सालीं मंजुरी दिली. सपाट मुलखांत दर घरास १,२०,००० रुपये मिळावयाचे. सिमेंटावरील करही २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला. तथापि सर्वांचीं कामें एकाच हंगामांत निघाल्यास सिमेंटांत वांचलेला पैसा मजुरींत जाईल.

खरी अडचण भांडवलाची आहे. गावठाणांतील घरास पक्का कागद नसल्यानें त्याच्या तारणावर कर्ज मिळणें कठीण. मग पीककर्जच भिंतींत जातें. ३ लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडल्यास व्याज शेंकडा ४ पडतें. थकलें कीं ती सवलत गेली, आणि पुढील पेरणीस सावकाराचें दार! २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या स्वामित्व योजनेंत गावठाणाची ड्रोननें मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. ती ज्यांच्या हातीं आली असेल त्यांनीं घरासाठीं निराळें, लांब मुदतीचें कर्ज मागावें. शेतांत घर बांधणारांस मात्र हिचा उपयोग नाहीं. विटा पावसाळ्यापूर्वीं घेऊन झांकून ठेवाव्या, व गवंड्याशीं बोली दसऱ्याआधींच करावी.