एक लिटर पेट्रोल, एक टँकर हवा

मोहोळ तालुक्यात टँकर म्हटलं की पाणी. दुष्काळात वस्तीवर दहा हजार लिटरचा टँकर आला की हंडे-कळशांची रांग कशी लागते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. १९९२ च्या उन्हाळ्यात मी गॅरेजात नवा होतो, तेव्हा वस्तादांनी पहिला धडा दिला तो टँकरचाच. "एक लिटर पेट्रोल जाळायला हवा किती लागती, सांग." मी म्हणालो, असेल चार-पाच लिटर. वस्ताद हसले. "टँकर लागतो, टँकर. पाण्याचा येतो तेवढा."

मला ती थट्टाच वाटली. रात्री घरी वहीवर हिशेब मांडला. एक ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते. लिटरभर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे हवा झाली ११ किलो. आणि आपल्याकडच्या वैशाखात ११ किलो हवेला जागा लागते दहा हजार लिटरची. वस्ताद सातवीपर्यंत शिकलेले. हा आकडा त्यांना कुणी दिला, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

गिऱ्हाईक ऑईलबद्दल विचारतं, टायरबद्दल विचारतं, ॲव्हरेजबद्दल तर विचारतंच. हवेबद्दल विचारणारं गिऱ्हाईक माझ्या तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतकं. म्हणून हा मागोवा हवेचा. खरं सांगायचं तर एका डब्याचा, पण त्या डब्यापर्यंत यायला जरा लांबचा रस्ता घ्यावा लागेल.

तेव्हा पंढरपूर रस्त्याच्या कडेला आमच्यासमोर उभे असायचे ट्रॅक्टर, जीपगाड्या आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं. बहुतेकांच्या तोंडाला ऑईल बाथ. आजच्या पोरांनी तो पाहिलेला नाही. लोखंडी डबा, मधोमध नळी, तळाशी ऑईलची वाटी. हवा नळीतून सरळ खाली येते, ऑईलवर आपटते आणि गर्रकन वळून वर जाते. हलकी हवा वळते, जड धुळीला वळता येत नाही, ती ऑईलमध्ये बुडते. उरलेली बारीक धूळ वरच्या ऑईलने ओल्या झालेल्या जाळीत अडकते. कागद नाही, सुटा भाग नाही, खर्च नाही.

मोहोळची काळी माती उन्हाळ्यात पिठासारखी होते. आम्ही तिला फुफाटा म्हणतो. त्यात भर ज्वारीची. आज महाराष्ट्रभर खाल्ली जाणारी मालदांडी ३५-१ ही ज्वारी निवडली गेली ती मोहोळच्याच संशोधन केंद्रात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण मळणीच्या दिवसांत त्याच ज्वारीचं भुसकाट इंजिनाच्या नाकातोंडात जातं. त्या दिवसांत ऑईल बाथची वाटी काढली की तळाला दोन बोटं जाडीचा काळा गारा बसलेला असायचा, कुंभाराच्या चाकावर ठेवावा असा घट्ट. बाभळीच्या काटकीने तो खरवडायचा, डिझेलने वाटी धुवायची आणि खुणेपर्यंत नवं ऑईल भरायचं. खुणेच्या वर नाही.

ती खूण का असते, ते मी फजितीतून शिकलो. एका ट्रॅक्टरला हौसेने दोन बोटं जास्त ऑईल भरलं. सुरू केला तसं इंजिनाने वाटीतलं ऑईल ओढलं आणि तेच जाळायला सुरुवात केली. डिझेल बंद केलं तरी थांबेना. आवाज चढत चाललेला, पांढऱ्या धुराने रस्ता दिसेनासा झालेला, समोरचा चहावाला पातेलं टाकून पळाला. वस्तादांनी शांतपणे हौदातलं ओलं पोतं उचललं आणि हवेच्या तोंडावर दाबून धरलं. तीन-चार आचके देऊन इंजिन गप्प झालं. वस्तादांनी मला शिवी दिली नाही. एवढंच म्हणाले, "डिझेल तोडून थांबलं नाही, हवा तोडली तसं थांबलं. बघितलंस?"

पुढची दहा वर्षं कागदी फिल्टरची. १९९८ ला सफारी आली, २००२ ला स्कॉर्पिओ, आणि टर्बोची शिट्टी आमच्या चौकात ओळखीची झाली. २००७ च्या डिझेल स्विफ्टनंतर तर घरोघरी टर्बो आला. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो आणि आत हवा कोंबतो. त्याचं पातं मिनिटाला लाखभर फेरे घेतं. फिल्टरच्या पुढचा रबरी होज चिरला आणि तिथून फुफाटा आत गेला, तर तो त्या पात्याला सँडपेपर लावल्यासारखा झिजवतो. आमच्याकडे आलेल्या गेलेल्या टर्बोंपैकी निम्म्यांचा दोष टर्बोचा नव्हताच. ढिली क्लिप, फाटका होज, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उलटसुलट झोडपून चाळण झालेला जुना फिल्टर. पन्नास रुपयांची क्लिप आणि टर्बोचं बिल यांचा हिशेब गिऱ्हाईकाला समजावताना घसा कोरडा पडायचा.

मग आली कोन फिल्टरची साथ. मूळ डबा काढून टाकायचा, त्या जागी उघडा लाल शंकू बसवायचा आणि "पिकअप वाढला" म्हणून मित्रांना सांगायचं. वाढतो तो आवाज. डब्याने दाबलेला घोंघाट मोकळा होतो आणि कानाला वाटतं गाडी पळाली. मी स्वतः दोन-तीन पोरांना असे शंकू बसवून दिलेत, पैसेही घेतलेत. आज मला त्याचं कौतुक नाही.

हवेचं खरं काम आमच्या तालुक्यात भलतीकडेच चाललं होतं. सोलापूरकडे निघालात की चिंचोळी एमआयडीसी लागते. तिथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. यतीन शाह यांनी १९९२ साली सोलापुरात काढलेली ही कंपनी. म्हणजे मी हातात पान्हा धरला त्याच वर्षीची. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या दारावरचा पहारेकरी. हवेचा व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा, किती उघडायचा, किती वेळ धरायचा, हे त्या दांड्यावरचे उंचवटे ठरवतात. फोर्ड आणि जनरल मोटर्ससारख्या कंपन्यांच्या इंजिनांतले दांडे इथून गेले. परदेशातल्या कुठल्याशा गाडीत हवा कधी शिरायची, याचा निर्णय मोहोळ तालुक्यात ओतलेल्या बिडाने द्यावा, ही गोष्ट इथल्या किती लोकांना माहीत आहे, देव जाणे.

आता तो डबा.

२०१७ च्या एप्रिलमध्ये एक डाळिंब बागायतदार जुनी पेट्रोल गाडी टो करून घेऊन आले. परदेशी बनावटीची, मुंबईतून हौसेने घेतलेली, १.८ लिटरची. रात्री रानडुक्कर आडवं आलं होतं. बंपर गेला होता, आणि बंपरमागचा हवेचा डबा फुटून चार तुकडे झाला होता. नवा डबा मिळायला दोन महिने आणि किंमत ऐकून बागायतदार म्हणाले, "मिस्त्री, एवढ्यात दोन एकराचं ठिबक होतंय. तुम्हीच बनवा काहीतरी." बॉनेट उघडलं आणि मी चाटच पडलो. टर्बो नव्हता. पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर होता.

हे यंत्र मूळचं मोटारीचं नव्हे. अमेरिकेत इंडियाना राज्यात लोकरीची गिरणी चालवणाऱ्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि ते भट्ट्यांना वारा घालायला वापरलं जाऊ लागलं. थोडक्यात, लोहाराचा भाता, फक्त फिरता. सोलापूरसारख्या गिरणीच्या गावाच्या शेजारी राहणाऱ्या मला ही हकीकत फार आवडते. मर्सिडीजने १९२१ मध्ये तो विक्रीच्या मोटारीत आणला. आणि मराठी माणसाशीही त्याचं नातं जुनं आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात ड्युसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी घेतली, लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी चढवून. साध्या मॉडेलचे २६५ घोडे सुपरचार्जरने ३२० झाले होते. मोहोळहून सोलापूरला जाताना केगावला विद्यापीठावर ज्या अहिल्यादेवींचं नाव आहे, त्यांच्याच घराण्यातली ही गाडी. ड्युसेनबर्ग कंपनीने १९३५ मध्ये बॉनेव्हिलच्या मिठाच्या वाळवंटात पळवायच्या गाडीसाठी हवा आत नेणाऱ्या नळ्या नव्याने घडवल्या. मेंढ्याच्या शिंगांसारख्या वळवलेल्या, दोन बाजूंनी दोन. अॅब जेंकिन्सने ती गाडी २४ तास चालवून ताशी २१५ किलोमीटरच्या वर सरासरी गाठली. आमची गाडी लांबोटीपर्यंत जाऊन चिवडा घेऊन परत आली तरी पुरे होतं.

सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर चालतो, पिठाच्या गिरणीसारखा. धूर चढेपर्यंत थांबत नाही, पाय दाबला की लगेच. पूर्ण जोरात ती गाडी मिनिटाला सात-आठ हजार लिटर हवा ओढते. म्हणजे सव्वा मिनिटाला एक टँकर. आणि जी हवा आत जाईल ती दाबली जाताना आणखी तापते. ४५ अंशांची हवा दीडपट दाबली की शंभरी ओलांडते. मागे इंटरकूलर असतो, पण आधीच तापलेली हवा दिली तर तो तरी किती करणार?

पहिला प्रयत्न लाजिरवाणा. हार्डवेअरच्या दुकानातला तीन इंची पीव्हीसी पाईप आणि दोन एल्बो. गाडी शेटफळपर्यंत छान गेली. परत येताना इंजिनाच्या आचेने एल्बो मऊ पडला, ओढीने चपटा झाला, आणि मोठ्या माणसाने नाक धरून पळावं तशी गाडी मोहोळात शिरली.

दुसऱ्यांदा ॲल्युमिनियम. चिंचोळीत आर्गन वेल्डिंग करणाऱ्या एका कारागिराकडे दोन दिवस बसलो. हवेच्या सेन्सरची जागा हा सगळ्यात नाजूक भाग. त्यात तापलेला पडदा असतो. वाहती हवा त्याला किती गार करते त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल मोजतो. नळीचा आतला व्यास मूळच्यापेक्षा जरा मोठा झाला की कमी हवा दिसते, पेट्रोल कमी पडतं. म्हणून फुटलेल्या डब्यातला सेन्सरचा गळा तसाच कापून घेतला आणि नव्या नळीत बसवला. टोकाला लावला तेल दिलेला कोन फिल्टर. चूक तिथेच झाली. फिल्टरचं तेल सेन्सरवर बसलं आणि गाडी हुंदके द्यायला लागली. शिवाय शंकू बॉनेटखाली उघडा. सावळेश्वरच्या टोल नाक्यावर रांगेत उभं असताना थर्मामीटर आत टाकला, बाहेर ४४ अंश आणि शंकूजवळ ६८.

तिसऱ्या वेळी वस्तादांना घरून बोलावून आणलं. गुडघे गेले होते, नजर शाबूत होती. नळी हातात फिरवून म्हणाले, "धुळीला वळू दे की रं." मग बंद डबा केला. पत्र्याचा, झाकणाला रबरी पट्टी, आत एका डिझेल गाडीचा मोठा कोरडा कागदी फिल्टर. हवा घेतली बंपरमागून, डाव्या कोपऱ्यातून, पण थेट नाही. आधी ती एका आडव्या पत्र्यावर आपटून उलटी वळते, जड फुफाटा तिथेच खाली पडतो. तळाला भोक, पावसाचं पाणी निघून जायला. रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचतं तेव्हा इंजिनाने घोटभर पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बागायतदाराचं ठिबक काय, बागच गेली. ऑईल बाथमधलं ऑईल काढून टाकलं आणि वळण तेवढं ठेवलं, असा तो डबा.

मोजायचं कसं? गवंड्याची लेव्हल पाईप आणली. त्यात हळदीचं पाणी भरून एक टोक नळीला जोडलं. इंजिन ओढायला लागलं की पाणी वर चढतं. जितकं चढेल तितका अडथळा. उघड्या शंकूला ५ इंच चढलं होतं, बंद डब्याला ७. गॅरेजातला पोरगा म्हणाला, दादा, शंकूच बरा. मी हिशेब केला. दोन इंच पाणी म्हणजे हवेच्या दाबाचा अर्धा टक्का. ६८ आणि ४४ अंशांतला फरक हवेच्या वजनात सात टक्क्यांचा. बंद डबा राहिला.

त्यानंतर बरंच बदललं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याविरुद्ध मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर बोट ठेवलं, तेव्हापासून शंकू आणि फाडलेले सायलेन्सर आम्ही हातात घेत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, सेन्सर वाढले, जुगाडाला जागा उरली नाही. प्रिसिजनने २०१८ मध्येच नेदरलँड्सच्या ईमॉस या विजेचे ट्रक बनवणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला होता. त्या ट्रकांना ना कॅमशाफ्ट लागतो, ना फिल्टर.

डबा अजून त्याच गाडीवर आहे. बागायतदार दर ज्वारीच्या मळणीनंतर येतात, मी झाकण काढतो, आडव्या पत्र्यासमोरचा फुफाटा वर्तमानपत्रावर ओततो. गेल्या खेपेला वाटीभर निघाला. पत्र्यामागचा कागद जवळजवळ पांढरा होता.