हातावरचं नाव

मैत्रिणींनो, आमच्या नगरकडच्या म्हाताऱ्या बायकांचे हात कधी निरखून बघा. कुणाच्या हातावर तुळस, कुणाच्या विंचू, कपाळावर नि हनुवटीवर हिरवे ठिपके. दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं मेल्यावर संगं येतं, असं त्या सांगायच्या. (न्यूझीलंडच्या माओरी बायकाही हनुवटी गोंदवतात, त्यात त्यांचं कूळ असतं.)

आणि नवऱ्याचं नाव! तोंडानं घ्यायचं ते फक्त उखाण्यात, हातावर मात्र जन्मभर. आमच्या बचत गटातल्या एकीला नवऱ्यानं टाकलं, दुसरी केली. ही भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचं पोलकं घालायची. लेसरनं काढायचं तर दवाखान्याच्या कितीतरी फेऱ्या, पैसा, वर डाग राहण्याची धास्ती. शेवटी तिनं त्या नावावरच वेल गोंदवायचं ठरवलं.

जत्रेत एकाच सुईनं दहा जणींना गोंदलं, तर 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ, एचआयव्हीसुद्धा पसरू शकतो. शाईही प्रत्येकीला वेगळी हवी. गटात हे बोलणं झालं होतंच. तिनं नव्या सुईचं पाकीट समोर फोडायला लावलं, मगच हात पुढे केला.