स्वरयंत्र राहिलं, पण कामाचं?

स्वरयंत्राचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात सापडला की डॉक्टर दोन वाटा सांगतात. एक, ऑपरेशन करून स्वरयंत्र काढून टाकायचं. दुसरी, केमो आणि रेडिएशनचे शेक सोबत देऊन ते राखायचं. घरचे बहुधा दुसऱ्या वाटेकडे झुकतात. मानेला कायमचं भोक, श्वास त्यातूनच, पूर्वीचा आवाज गेला, हे ऐकल्यावर कोण झुकणार नाही? पण अवयव जागेवर राहणं वेगळं आणि तो कामाचा राहणं वेगळं. निर्णय तो कामाचा राहील का, यावर व्हायला हवा.

स्वरयंत्र राखण्याच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी ३३२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर शेक घेतलेले आणि आधी केमो, मग शेक घेतलेले, दोन्ही गटांत दोन वर्षांनी ६८ टक्के रुग्ण हयात होते. केमोच्या गटात ६४ टक्के जणांचं स्वरयंत्रही टिकलं. मात्र ज्यांची गाठ टी-४ या सर्वांत पुढच्या पायरीला पोचली होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं. २००३ च्या पुढच्या मोठ्या अभ्यासात केमो आणि शेक एकत्र दिल्यावर दोन वर्षांनी ८८ टक्के स्वरयंत्रं टिकलेली दिसली. पण कूर्चा फोडून बाहेर पडलेल्या मोठ्या गाठींचे रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. तरीही तोच आकडा अशा रुग्णापुढे ठेवला जातो, हे मला पटत नाही. शिवाय शेकांनंतर करावं लागणारं ऑपरेशन जास्त अवघड. भाजून निघालेल्या ऊतींत जखम लवकर भरत नाही, टाक्यांतून लाळ मानेवर पाझरत राहते.

स्वरयंत्राचं पहिलं काम बोलणं नव्हेच. घास श्वासनलिकेत जाऊ न देणं हे आहे. रुग्णाला बेरियमचा पांढरा घोट देऊन एक्स-रेच्या पडद्यावर पाहिलं की ते कळतं. निरोगी माणसाचं स्वरयंत्र क्षणात वर उचललं जातं, झाकण पडतं, घोट मागून निघून जातो. बिघडलेल्या स्वरयंत्रात पांढरी रेघ पुढे, श्वासनलिकेत उतरते आणि कधीकधी ठसकाही लागत नाही. उपचाराआधीच हे दिसत असेल, किंवा श्वासासाठी मानेत नळी घालावी लागली असेल, तर सात आठवडे मास्कखाली ३५ शेक घेऊन राखायचं ते काय? शेकांनी आखडलेला घसा पुढे वर्षानुवर्षं आणखी आखडत जातो, ते निराळंच.

यावर आक्षेप येतो की आवाज म्हणजेच माणूस. तो खोटा नाही. १९८१ च्या एका अभ्यासात ३७ निरोगी माणसांना विचारलं, तेव्हा सुमारे पाचव्या हिश्शाने आवाजासाठी जगण्याची शक्यता कमी झाली तरी चालेल असं सांगितलं. रुग्णाने असं ठरवलं तर तो त्याचा हक्क, फक्त समोरचं चित्र खरं हवं. ऑपरेशननंतर श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून पुष्कळ जण बोलतात. परदेशी झडप महाग पडते आणि ती ठरावीक काळाने बदलावी लागते. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी ‘ओम’ झडप पन्नासेक रुपयांत मिळावी अशी बनवली. उलट शेकांत खंड पडला तर गुण कमी येतो, आणि नंतर दुर्बिणीच्या तपासण्या चुकल्या तर परतलेली गाठ उशिरा सापडते. गडचिरोलीहून नागपूरला येणाऱ्या रुग्णाला हे सगळं झेपेल का, हेही गाठीच्या मापाइतकंच आधी विचारायला हवं.