एका खानावळीची वही

आपल्या माळव्यातील मराठी घरांच्या दारांवरील पाट्या वाचीत कोणी हिंडला तर एक गोष्ट त्याच्या सहज ध्यानात येईल. फडणीस, पोतनीस, मुजुमदार, कारखानीस, दप्तरदार ही सारी आडनावे हिशेबाच्या पोटी जन्मलेली आहेत. फडणीस जमाखर्च लिही, पोतनीस रोकड सांभाळी, मुजुमदार लिहिलेले तपासून घेई आणि कारखानीस किल्ल्यावरील धान्याच्या व सामानाच्या साठ्याचा झाडा देई. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या मागोमाग जी मंडळी उज्जैनला आली, त्यांत तलवारीइतकीच लेखणी धरणारी माणसे होती. महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करणारे रामचंद्रबाबा सुखटणकर हेही राणोजींचे दिवाणच. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरास नेली. तथापि लेखणीवाल्यांची कित्येक घरे क्षिप्रेच्या काठीच राहिली. आणि मौज अशी की, या हिशेबनीसांच्या वंशजांपैकी कोणी एखादा लहानसा धंदा काढला, की त्यात सर्व काही असते, एक वही तेवढी नसते!

हे मी परक्यांविषयी लिहीत नाही. माझ्या धाकट्या बंधूंच्या खानावळीविषयी लिहितो आहे, आणि त्यांची संमती घेऊन लिहितो आहे.

'महाकाल लोक'चे लोकार्पण ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले आणि उज्जैनकडे येणाऱ्या यात्रेकरूंचा ओघ पाहता पाहता वाढला. त्यांत महाराष्ट्रातून येणारी कुटुंबे पुष्कळ. दर्शन झाले की या मंडळींना वरण-भात, मऊ पोळी आणि चटणी-कोशिंबिरीची आठवण होते. बंधूंची खासगी नोकरी नुकतीच सुटली होती. भावजयीच्या हाताला चव. दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी खानावळ मांडली. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी मात्र बंधू म्हणू लागले, "दादा, गल्ला रोज भरतो, पण महिनाअखेरीस हाती काही राहत नाही."

भाडे वाढले होते. तेल, डाळी, व्यापारी वापराचा १९ किलोचा गॅस, सारेच महागले होते. खर्च कमी करणे प्राप्त होते, हे खरे. परंतु तो कोठे करावा, याचा विचार करायला ते थांबले नाहीत. समोर जे दिसले त्याला त्यांनी कात्री लावली. वरणावरचे तूप गेले, तांदूळ हलका आला, आणि पोळ्या करणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला 'उद्यापासून येऊ नका' असे सांगण्यात आले. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरावे असाही बेत होता, तो मी मोडून काढला. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांपलीकडे गेली की ते वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. नियम नसता तरी यात्रेकरूच्या पोटात काळे तेल घालून पैसा वाचवावा, हे मला रुचले नसते.

एका बाईला काढल्याचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. मागे राहिलेल्या बाईंचे हात दुपारच्या गर्दीला पुरेनात. म्हणून त्या दहा वाजल्यापासूनच चळत लावून ठेवू लागल्या. गार, वातड पोळी ताटात पडू लागली आणि अर्धी खाऊन टाकली जाऊ लागली. म्हणजे मजुरी वाचली, कणीक वाया गेली, आणि पंगतीतून उठलेला माणूस संध्याकाळी परत येईनासा झाला. शेवटचा तोटा तर कोणत्याच बिलात दिसत नव्हता.

याच सुमारास आठवीच्या मुलांना घेऊन मी भैरवगढला गेलो होतो. कालभैरवाच्या दर्शनाला आलेल्यांनी हे उपनगर पाहिले असेलच; पण तेथील छिपा कारागिरांचे बाटिकचे काम पाहायला फारसे कोणी थांबत नाही. २०२३ मध्ये या छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले. ओल्या वाळूच्या मेजावर कापड पसरतात आणि वितळलेले मेण लेखणीने किंवा ठशाने नक्षीवर घालतात. मग कापड थंड रंगात बुडवतात. रंग गरम असला तर मेणच विरघळायचे. मेण असेल तेथे रंग शिरत नाही, मेणाला पडलेल्या भेगांतून मात्र तो बारीक रेषांनी उतरतो. आधी फिका रंग, मग गडद. शेवटी कापड उकळत्या पाण्यात घातले की मेण सुटून वर येते.

येथे माझी नजर खिळली. कारागिराने कढईवर तरंगणारे मेण हलक्या हाताने काढून वेगळ्या भांड्यात घेतले. ते निवते, गोळा होते, नव्या मेणात मिसळून पुन्हा कापडावर चढते. मी विचारले, "सुरुवातीलाच मेण थोडे पातळ लावले तर अधिक वाचणार नाही का?" तो हसला आणि म्हणाला, "मास्टरसाहेब, मेण पातळ पडले तर रंग आत शिरेल. मग मेण वाचेल, पण कापड जाईल."

परतीच्या वाटेवर मुले गाणी म्हणत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे बंधूंच्या खानावळीतील कोरडे वरण आणि वातड पोळ्या येत होत्या. त्यांनी कापडावरचे मेण पातळ केले होते. कढईवरचे मात्र रोज गटारात जात होते आणि किती जाते याची कोणी नोंद ठेवीत नव्हते.

नोंद ठेवण्याचे काम मी अंगावर घेतले. त्याला एक योगही जुळून आला. २०२५ च्या श्रावणात महाकालाच्या सवारीच्या गर्दीमुळे उज्जैनच्या शाळांना सोमवारी सुटी मिळाली आणि त्याऐवजी रविवारी शाळा भरली. सवारीच्या दिवशी मी खानावळीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसू लागलो. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला अन्न मोजण्याची लाज वाटत नाही. मध्यान्ह भोजनाच्या नियमाप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. वरच्या वर्गांसाठी हेच माप दीडपट. ही मापे तपाशीत माझी कित्येक वर्षे गेली आहेत. बंधू मात्र 'अंदाजाने' दोन पातेली भात लावीत.

वहीत उरलेल्या अन्नाला मी एक रकाना दिला नाही, दोन दिले: ताटात उरले ते एक, पातेल्यात उरले ते दुसरे. दोन्ही एकाच बादलीत पडत असल्यामुळे कोणाच्या हे लक्षातच आले नव्हते की, हे दोन निरनिराळे रोग आहेत. ताटातल्या उष्ट्याचे कारण आपल्या जुन्या सवयीत सापडले. आपण मराठी माणसे आग्रहाचे भुकेले. वाढपीही पहिल्याच फेरीला भाताचा डोंगर रचून मोकळा होई. पहिले वाढणे लहान ठेवावे आणि गरम भात घेऊन दोनदा फिरावे, एवढा बदल केला. पाहुणे तृप्त, उष्टे कमी. 'काय हवे?' असे दोनदा विचारले गेल्यामुळे आदरातिथ्य उलट वाढल्यासारखेच दिसले.

पातेल्यात उरणाऱ्या अन्नाचे कारण पंचांगात निघाले, आणि हा शोध माझ्या भावजयीचा आहे. उत्तरेकडील पौर्णिमान्त श्रावण आपल्या अमान्त श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. २०२५ मध्ये तो ११ जुलैला लागला, तर आपला २५ जुलैला. सवारी दोन्ही श्रावण सांभाळते. उत्तरेकडील भाद्रपदाच्या वद्य पक्षातही ती निघते, आणि ही चाल शिंदेशाहीपासूनची असल्याचे सांगतात. तेव्हा १४ व २१ जुलैच्या सोमवारी आलेले यात्रेकरू बहुतेक हिंदी मुलुखातले होते. महाराष्ट्रातील मंडळींची दाटी २८ जुलैपासून झाली. आता हा आपला यात्रेकरू श्रावणी सोमवारी दुपारी जेवतो कोठे? त्याचा उपास असतो! त्याला दुपारी साबुदाण्याची खिचडी हवी असते आणि सायंकाळी सोमवार सोडायला संपूर्ण ताट. सवारी दुपारी चारच्या सुमारास निघते, ती पाहून तो दिवेलागणीला येतो. बंधू मात्र 'सोमवार म्हणजे गर्दी' एवढेच समजून दुपारी दुप्पट भात लावीत आणि संध्याकाळी धावपळ करीत. भावजय माझी वही चाळता चाळता म्हणाली, "भाऊजी, यात तिथीचा रकाना कुठे आहे?" मी एम.ए.ला मराठी घेतले, पण हे मला सुचले नव्हते. तेव्हापासून वहीत तिथी लिहिली जाते: एकादशी, संकष्टी, चैत्रातील चिंतामण गणेशाच्या जत्रेचे बुधवार, सारे काही.

कारखान्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने हे ऐकून सांगितले की, जपानमधील टोयोटा कारखान्याचे तायिची ओनो यांनी अपव्ययाचे सात प्रकार मोजले होते आणि गरजेपूर्वी, गरजेहून अधिक माल तयार करणे हा त्यांतील सर्वांत वाईट मानला होता. कारण त्याच्या पोटात बाकीचे अपव्यय लपून बसतात. मोटारी करणाऱ्याला जे कळले ते सोमवारच्या भातालाही लागू पडावे, याची मला गंमत वाटली.

गॅस आणि विजेविषयी फार लिहीत नाही. सुगरणींना ते ठाऊक आहे. डाळ आधी भिजवावी, भांड्यावर झाकण ठेवावे. पाणी उकळू लागल्यावर ज्योत बारीक करावी. उघड्या भांड्यातील उकळते पाणी मोठ्या ज्योतीने अधिक तापत नाही, नुसती वाफ होते. पंख्यांचा हिशेब मात्र मी फळ्यावर मुलांकडून करून घेतला. जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा, नव्या पद्धतीचा सुमारे ३० वॅटचा. सहा पंखे रोज बारा तास फिरले तर दिवसाला ३.२४ युनिट वाचतात, म्हणजे महिन्याला ९७. पंखे एकदम बदलण्याइतके पैसे हाती नव्हते. जुना बिघडेल तसा नवा घ्यायचा असे ठरले आहे. भाड्यापुढे मात्र वहीचे काही चालले नाही. पंगत भरो वा न भरो, ते पहिल्या तारखेला द्यावेच लागते.

वरणावर तूप परत आले, तांदूळही पहिला आला. राहता राहिला पोळ्यांचा प्रश्न.

काढून टाकलेल्या बाईंकडे बंधू स्वतः गेले. त्या परत यायला तयार झाल्या नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात त्यांनी खोल्या घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांना घरून डबे देणे सुरू केले होते. त्या म्हणाल्या, "पोळ्या मी माझ्या घरी करीन, नगावर देईन." मला एकदम लिज्जत पापडाची आठवण झाली. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन तो उद्योग उभारला. भिजवलेले पीठ नेऊन पापड घरी लाटायचे, या पद्धतीमुळे लाटण्यासाठी मोठी कारखान्याची जागाच घ्यावी लागली नाही. खर्च असा वाचला आणि मिळकत लाटणाऱ्या हातांकडे गेली; कारण त्या बहिणी तेथे नोकर नसून भागीदार आहेत.

आमच्या पोळीवाल्या बाई काही खानावळीच्या भागीदार नव्हेत, हे मी बंधूंना बजावले. नगावर काम देणे मालकाला सोयीचे खरे. गर्दी नसेल त्या दिवशी त्याला काहीच द्यावे लागत नाही. पण मग त्या रिकाम्या दिवसाचा तोटा गेला कोठे? तो बाईंच्या चुलीपाशी जाऊन बसला. यावर आमच्या घरात दोन संध्याकाळी वाद झाला. बंधूंचे म्हणणे, "दादा, तू मास्तर आहेस, तुझा पगार बुडत नाही." हे त्यांचे बोलणे अगदीच खोटे नव्हते.

शेवटी भावजयीने मार्ग काढला. रोज किमान काही पोळ्या घ्यायच्याच, गिऱ्हाईक येवो वा न येवो. बाईंनी शंभर मागितल्या, बंधूंनी साठ म्हटले, ऐंशीवर तोड झाली. त्यावर लागतील तेवढ्या पोळ्यांचा आकडा सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता फोनवर कळवायचा. दर पोळीमागे पूर्वीच्या मजुरीहून थोडे अधिक जाते. पण चळत लावावी लागत नाही आणि पोळी ताटात गरम पडते. खानावळीतील दुसऱ्या बाई आता भाकरी आणि तळण पाहतात.

वही सध्या भावजयीकडे असते. अक्षर तिचे माझ्यापेक्षा चांगले आहे. महिनाअखेरीस हाती उरते ते फार नाही, पण काय उरले आणि काय गेले हे आता कळते. २०२८ च्या सिंहस्थासाठी शेजारचा हॉल घ्यावा असे बंधूंच्या मनात घोळते आहे; भाड्याचा आकडा ऐकून भावजय गप्प झाली. पोळीवाल्या बाईंच्या कानी मात्र ही वार्ता गेली आहे. परवाच त्यांनी निरोप धाडला, सिंहस्थात किमान आकडा ऐंशी चालायचा नाही, आणि हाताखाली दोन बायका घ्याव्या लागतील, त्यांची मजुरी आधी ठरवा.