छत्र्यांचा तंबू, छत्रपतींचे चित्ते आणि नांदणीची माधुरी

हिंदुस्थानी सर्कशीचा माग काढत गेलं की वाट कुरुंदवाडच्या पागेपर्यंत येते. कृष्णा-पंचगंगेच्या काठचं हे पटवर्धनांचं संस्थान. मूळचे अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे इथल्या संस्थानिकांच्या पदरी चाबूकस्वार होते. घोडा फिरवण्याची विद्या त्यांनी ग्वाल्हेरला कमावली होती. मुंबईत किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस आली. असा खेळ उभा करणं तुम्हा लोकांना इतक्यात जमायचं नाही, असं तो म्हणाला आणि विष्णुपंतांनी ते मनावर घेतलं, अशी हकीकत सांगतात. २० मार्च १८८० रोजी त्यांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ मुंबईत झाला. पुढे म्हैसाळच्या देवलांनी, तासगावच्या परशुराम माळींनी तंबू ठोकले. केरळातल्या सर्कशीचे जनक मानले जाणारे कीलेरी कुन्हिकण्णन यांनाही प्रेरणा मिळाली ती छत्र्यांकडूनच.

या कर्तबगारीचा आम्हा कृष्णाकाठच्या लोकांना अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण त्याच तंबूत वाघ-सिंहही होते. पुण्याचे दामू धोत्रे पुढे अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीत गाजले. त्यांनी आत्मचरित्राला नाव दिलं ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. तरीही रिंगणातली ती काही मिनिटं सोडली, तर त्या सख्यांचा उरलेला दिवस पिंजऱ्यात जायचा आणि पिंजरा गावोगाव फिरायचा. १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर केंद्र सरकारने बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. मे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली.

आफ्रिकेहून आलेले शिकारी

आज कोल्हापूर-सांगलीकडची माणसं केनियात जाऊन चित्ता पाहून येतात. एके काळी आफ्रिकेतला चित्ताच कोल्हापुरात येत होता. काळविटाच्या शिकारीसाठी चित्ते बाळगण्याचा शौक कोल्हापूर दरबाराला मोठा. चित्त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवायची, त्याला गाडीवर बसवून रानात न्यायचं, कळप दिसला की टोपी काढायची. पुढची धाव डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायची. चित्त्याने काळवीट दाबून धरलं की चित्तेवान पळीभर रक्त त्याच्यापुढे धरून शिकार सोडवून घ्यायचा. त्याला पुन्हा टोपी, पुन्हा साखळी.

या शौकाचा हिशेब जंगलाने चुकता केला. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होत नसे. मुघलांच्या चित्तेखान्यात शेकड्यांनी चित्ते होते, पण पिल्लं झाल्याची नोंद जहांगीराच्या काळातली एकच. त्यामुळे प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. शिकारही होती, माळरानंही नांगराखाली जात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून ते मागवले. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा देशभर कौतुक झालं. आफ्रिकी चित्त्यांशी आपली ओळख त्याहून जुनी आहे, हे तेव्हा फार थोड्यांना आठवलं.

माधुरी

नांदणी आमच्याच शिरोळ तालुक्यात. तिथल्या जैन मठात १९९२ पासून एक हत्तीण होती. लोकांची माधुरी, सरकारी कागदावरची महादेवी. सणाला, पंचकल्याण पूजेला, मिरवणुकीला ती असायचीच. लहान मुलांना सोंडेखालून नेण्याची इथली रीत. पेटा या संस्थेच्या तक्रारीवरून प्रकरण उच्चाधिकार समितीकडे गेलं. पायांच्या जखमा, वाढलेली नखं, सांधेदुखी, साखळदंड आणि एकटेपणा यांची नोंद झाली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या हत्ती केंद्रात हलवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

तिला निरोप देताना नांदणी रडली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत मुकाट चालत गेली. ते अश्रू खरे होते. आणि हत्तिणीचे पायही खरेच दुखत होते. हत्तीचा तळवा जाड पण मऊ असतो, माती-चिखलात चालण्यासाठी घडलेला. फरशीवर तासन्‌तास उभं राहिलं की तो भेगाळतो, नखांच्या कडा पिकतात. कळपात राहणारी ही जात. मादी तर जन्मभर आई, मावश्या, बहिणी यांच्यात वावरते. तीन दशकं माधुरीला दुसरी हत्तीण सोबतीला नव्हती. भक्तांची माया ही उणीव कशी भरून काढणार?

जामनगरचं हे केंद्र ज्या वनतारा प्रकल्पाशी जोडलेलं आहे, त्यावरही आरोप झाले. सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती चेलमेश्वर यांच्या अध्यक्षतेखाली पथक नेमलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने नियमभंग नसल्याचा अहवाल दिला. त्याआधीच नांदणीजवळ हत्ती पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव वनताराने मांडला होता. केंद्र इथे असो की जामनगरला, पायाखाली माती, पोहायला पाणी आणि सोबतीला हत्ती आहेत का, हे पाहिलं पाहिजे. गावाचा मान त्यानंतर.

एकच कसोटी

सर्कस, चित्तेखाना, मठ, प्राणिसंग्रहालय आणि सफारी या पाचांना मी एकच प्रश्न विचारतो. प्राण्याला आपल्याकडे पाठ फिरवून निघून जाता येतं का?

पिंजरा सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. डायक्लोफिनॅकमुळे गिधाडं मरू लागली, तेव्हा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हरियाणा सरकारच्या साथीने पिंजोरला त्यांचं प्रजनन केंद्र चालवलं. तिथली गिधाडं पुढे पेंच आणि ताडोब्यात सोडण्यासाठी आणली गेली. तो पिंजरा प्राण्याला पुन्हा आकाशात पोचवण्यासाठी होता. राणीच्या बागेत २०१६ मध्ये सोलहून आणलेल्या पेंग्विनांपुढे रांगा लागल्या. त्यातला एक पक्षी काही महिन्यांतच दगावला. त्या आणण्यात पेंग्विनांचा लाभ कोणता, याचं उत्तर मला सापडत नाही.

सफारीलाही हीच कसोटी लावावी. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. आज १,५१० चौरस किलोमीटरच्या मसाई मारात प्राणी मोकळे आहेत आणि गाडीत आपण कोंडलेले, हे योग्यच. पण मारा नदीच्या उतारावर गाड्यांची दाटी झाली की वाइल्डबीस्ट पाण्यात न उतरता मागे फिरतात. पर्यटकांची वर्दळ जास्त असलेल्या भागात चित्त्याच्या माद्यांना फार कमी पिल्लं जगवता येतात, असं तिथल्या अभ्यासात दिसलं आहे. टोपी आणि साखळी गेली, पण गाड्यांचं कडं आलं.

म्हणून आफ्रिकेला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने सहल कंपनीला विचारावं: एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबतात? ड्रायव्हर वाट सोडून गाडी घालतो का? आपल्या पैशातलं काही मसाई लोकांपर्यंत पोचतं का? आणि जाण्याआधी राधानगरीला जावं. कोल्हापूरच्या राजांचं हे शिकारीचं रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. आज ते ३५१ चौरस किलोमीटर आहे. तिथे गवा दिसेलच याची हमी नाही. अशी हमी नसलेली सफारीच चांगली, कारण भेट द्यायची की नाही हे तिथे गवा ठरवतो. ज्या मातीने देशाला सर्कस दिली, तिनेच आता हा नियम आपल्या मुलांना शिकवावा.