जलाशयाकाठचे आठ उन्हाळे

सन 2011 च्या एप्रिलअखेरीस आम्ही पाच शाळूसोबती दोन तंबू आणि चार भांडी घेऊन विरारहून शिरसाड फाट्यामार्गे उसगावच्या धरणाकडे निघालो, तेव्हा हा क्रम 2018 पर्यंत दरसाल चालेल, आणि केवळ उकाड्यातून सुटका म्हणून पत्करलेला तो एका रात्रीचा मुक्काम आमच्या घरच्या नळाचे समोरच्या डोंगराशी असलेले नाते आम्हांस उलगडून दाखवील, अशी कल्पना आमच्यापैकी एकालाही नव्हती.

धरणालगतच्या तुंगारेश्वराच्या डोंगरांना 2003 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला असून त्याच्या हद्दीत परवानगीवाचून रात्री राहण्याची मुभा नाही. म्हणून जलाशयापासून थोड्या अंतरावर, एका वृद्ध शेतकऱ्याच्या मालकीच्या माळावर, त्यांच्या संमतीने आम्ही तंबू ठोकीत असू. त्यांना आम्ही काका म्हणत असू. दिवसभराची तलखी ओसरली म्हणजे पाण्यावरून येणारी गार झुळूक, हंगाम सरत आलेल्या मोहाचा उग्र-गोड गंध आणि दगडावर दगड ठोकावा तसा रातव्याचा आवाज, एवढ्या ऐश्वर्यात आमच्या गप्पा मध्यरात्रीपर्यंत रंगत.

पहिल्याच वर्षी समोरच्या डोंगराच्या कमरेवर एक तांबूस रेघ उमटली आणि हळूहळू वर सरकू लागली. आम्ही ती मुग्ध होऊन पाहिली, तिची छायाचित्रेही घेतली. काका मात्र मूठभर माती हवेत उधळून वाऱ्याची दिशा पाहत होते. चढावरची आग अधिक वेगाने धावते, कारण तिची धग वरच्या पाल्याला आधीच सुकवून ठेवते, हे त्यांनीच आम्हांस त्या रात्री सांगितले.

2014 च्या उन्हाळ्यात वणवा थेट त्या माळाच्या बांधापर्यंत आला. पाड्यावरची माणसे ओल्या डहाळ्या घेऊन धावली आणि आम्हीही त्यांच्या रांगेत उभे राहून, धुराने डोळे झोंबत असताना, दोन तास ज्वाळा झोडपीत राहिलो. पहाटे त्या काळ्या भूमीवरून चालताना रातव्याची दोन करपलेली अंडी दिसली. हा पक्षी घरटे बांधीत नाही, वाळल्या पाल्यातच उघड्यावर अंडी घालतो. ज्याचा आवाज ऐकण्यासाठी आम्ही दरसाल येत होतो, त्याचा वंश आमच्या डोळ्यांदेखत जळाला होता. त्यानंतर डोंगरावरची ती रेघ आम्हांस कधीही सुंदर वाटली नाही.

आपल्याकडचा वणवा बहुधा आपोआप लागत नाही, तो माणसाच्या हातून लागतो. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, भातरोपांसाठी भाजलेल्या राबाची ठिणगी उडते, जाळल्यास पुढे गवत जोमाने फुटते असा समज असतो, कुणाची विडी पडते, आणि सहलीला आलेल्यांची चूल निखाऱ्यांसह मागे राहते. दोष केवळ पाड्यावरच्या माणसाचा मानणाऱ्या आम्हां शहरवासीयांना या यादीतील शेवटची बाब लागू होती. उतारावरचा पाला आणि कोवळी रोपे जळून गेली की जमीन उघडी पडते, पहिल्याच पावसाच्या लोंढ्याबरोबर तिची माती वाहू लागते आणि गाळ होऊन जलाशयात बसते. उसगाव आणि पेल्हार ही धरणे वसई-विरारची तहान भागविणारी आहेत. म्हणून त्यांच्या पाणलोटातला डोंगर जळतो तेव्हा आपल्याच हंड्यातील पाणी उणे होते.

11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात पदभ्रमणास गेलेली मंडळी वणव्यात सापडली आणि वीसहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्या वर्षी आम्ही घरून भाकऱ्या बांधून नेल्या व चूल पेटविलीच नाही. तो आमचा अखेरचा मुक्काम ठरला. पुढे नोकरीधंद्यापायी सारे पांगले.

1927 चा वन अधिनियम आणि 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम यांनी जंगलात आग लावणे गुन्हा ठरविले आहे. वनखाते आग अडविण्यासाठी जाळरेषा आखते, उपग्रहही आगीची वार्ता कळवितो. परंतु मागे राहिलेला निखारा विझविण्याचा जिम्मा ज्याने तो पेटविला त्याचाच आहे. काका निरोप देताना दर वेळी एकच ताकीद देत: "पाणी ओता, आणि मग राखेत हात घालून बघा, हाताला गार लागली तरच निघा." वाचकहो, या उन्हाळ्यात आपण कुठल्याही तळ्याकाठी राहिलात, तर निघण्यापूर्वी राखेत हात घालून पाहावे, आणि डोंगरावर ती तांबूस रेघ दिसलीच, तर छायाचित्र घेण्याआधी वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.